ओव्हरकोटाखाली दडवलेला क्लब : गोल्फमधील ‘लॉफ्ट’चा इतिहास

१/ जून १९३२. इंग्लंडच्या केंट परगण्यात, सँडविच गावाजवळच्या प्रिन्सेस मैदानावर ब्रिटिश ओपन स्पर्धेची तयारी चालू होती. अमेरिकेचा ३० वर्षांचा खेळाडू जीन सॅराझेन दिवसभर सराव करी आणि संध्याकाळी एक क्लब ओव्हरकोटाखाली दडवून खोलीवर नेई. पंचांच्या दृष्टीस तो पडला, तर स्पर्धेपूर्वीच त्यावर बंदी येईल, अशी त्याला धास्ती होती. पुढे त्यानेच ही हकीकत सांगितली.

२/ त्या क्लबमध्ये असे काय होते, हे समजण्यासाठी प्रथम ‘लॉफ्ट’ समजून घ्यावा लागतो. क्लबच्या डोक्याचा जो सपाट पृष्ठभाग चेंडूवर आदळतो, तो उभ्या रेषेपासून जितके अंश मागे कललेला असतो, तितका त्याचा लॉफ्ट. कल कमी असला की चेंडू सखल आणि दूर जातो. कल वाढला की तो उंच चढतो, उलटी फिरकी घेतो आणि पडल्यावर लवकर थांबतो.

३/ जुन्या स्कॉटलंडमध्ये चेंडू चामड्याचा असे, आत पिसे ठासून भरलेली. लोखंडाचा चुकीचा फटका बसला की तो उसवे आणि एका महाग चेंडूचा निकाल लागे. साहजिकच लाकडी क्लबांचे राज्य होते. १८४८च्या सुमारास मलाया द्वीपकल्पाकडील झाडांच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला. तो स्वस्त होता, टणक होता. लोखंडाला मैदान मोकळे झाले ते तेव्हा.

४/ गाड्यांच्या चाकोऱ्यांत अडकलेला चेंडू उकरून काढण्यासाठी ‘रट आयर्न’ नावाचा लहान डोक्याचा, बराच कललेला क्लब असे. बिचारा निव्वळ अडचणीतला सोबती! सेंट अँड्र्यूजच्या धाकट्या टॉम मॉरिसने मात्र तो चांगल्या जागेवरूनही वापरला आणि चेंडू उंच उडवून ध्वजाजवळ थांबवण्याची कला रूढ केली. १८६८, १८६९, १८७० आणि १८७२ची ओपन विजेतेपदे त्याची. १८७५च्या नाताळच्या दिवशी तो वारला, तेव्हा तो अवघा २४ वर्षांचा होता.

५/ वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, तरीही सर्वांना छळत राहिले. ‘निब्लिक’ या क्लबाला लॉफ्ट भरपूर होता; पण त्याची पुढची कड नांगराच्या फाळासारखी वाळूत रुते. लॉफ्ट असूनही चेंडू बाहेर येईना. दोष कलात नव्हता, तळात होता. इतकी साधी गोष्ट ध्यानात यायला इतकी वर्षे का लागली, याचे नवल वाटते.

६/ मधल्या काळात अंतर्वक्र, म्हणजे पळीसारख्या खोलगट तोंडाचा एक क्लब निघाला. १९३०च्या ओपनमध्ये, हॉयलेक येथे, बॉबी जोन्सने अखेरच्या फेरीत त्याच्या साहाय्याने बंकरमधून चेंडू थेट छिद्रालगत नेला आणि स्पर्धा जिंकली. परंतु खोलगट तोंडाचा चेंडूला दोनदा स्पर्श होऊ शकतो, हा आक्षेप होता. १९३१मध्ये त्यावर बंदी आली. सॅराझेनची धास्ती निराधार नव्हती, ती यामुळे.

७/ सॅराझेन हा इटलीहून आलेल्या सुताराचा मुलगा. त्याच्या सांगण्यानुसार, हॉवर्ड ह्यूजेससोबत विमानातून जाताना उड्डाणाच्या वेळी शेपूट खाली झुकते व नाक वर उठते, हे त्याने पाहिले आणि कल्पना सुचली. फ्लोरिडात त्याने निब्लिकच्या तळाला मागील बाजूस डाक देऊन धातू चढवला. आता तळाची मागची बाजू पुढच्या कडेपेक्षा खाली आली. क्लब चेंडूमागे इंचभर वाळूत मारला तरी रुतत नसे. वाळूवरून सरकत जाई आणि वाळूचा थर चेंडूसकट वर उचलला जाई. तळाच्या या उताराला आज ‘बाउन्स’ म्हणतात.

८/ तोंड सपाटच असल्याने नियमभंग होत नव्हता. सॅराझेनने २८३ फटक्यांत, ५ फटक्यांच्या आघाडीने ओपन जिंकली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या फ्रेश मेडो मैदानावर अमेरिकन ओपनही त्याने पटकावली.

९/ पुढे मॅशी, निब्लिक, क्लीक ही गोड नावे मागे पडून क्रमांक आले. १९३८मध्ये अमेरिकेत आणि १९३९मध्ये ब्रिटनमध्ये पिशवीत १४हून अधिक क्लब ठेवण्यास मनाई झाली. १४च ठेवायचे, तर कोणत्या अंशाचे, हा प्रश्न खरा झाला.

१०/ क्रमांक मात्र फसवे निघाले. १९७०च्या दशकात ७ क्रमांकाच्या आयर्नचा लॉफ्ट ३८ अंशांच्या आसपास असे; आज अनेक संचांत तो ३० किंवा त्याहूनही कमी आढळतो. ‘नवा ७ क्रमांक दूर जातो’ या जाहिरातीमागे बऱ्याचदा जुना ५ क्रमांकच दडलेला असतो.

११/ म्हणून जाणकार क्रमांक न पाहता अंश विचारतात. शेजारच्या दोन क्लबांत साधारण ४ ते ५ अंशांचे अंतर राखतात. हाताचा वेग कमी असेल, तर ड्रायव्हरला अधिक लॉफ्ट घेतात, कारण चेंडू हवेत टिकला तरच दूर जातो. मऊ वाळूसाठी अधिक बाउन्स, कठीण जमिनीसाठी कमी.

१२/ पिचिंग वेज पूर्वी ५० अंशांच्या जवळ असे; तो ४५च्या खाली घसरला, तेव्हा त्याच्या आणि ५६ अंशांच्या सँड वेजच्या मध्ये मोठी पोकळी पडली. ती भरण्यासाठी आणखी एक क्लब विकला जाऊ लागला. त्याचे नावच ‘गॅप वेज’.