ठशाखालची सही

आजच्या एखाद्या चित्रकाराचे मुद्राचित्र आपण विकत घ्यावयास गेलो, तर कागदाच्या खालच्या कडेला शिसपेन्सिलीने लिहिलेला १७/५० असा आकडा आणि शेजारी सही दिसते. पन्नास छापांपैकी हा सतरावा, व चित्रकाराने तो पाहून पसंत केला आहे, असा त्याचा अर्थ. ही चाल फार प्राचीन असावी अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ती रूढ होऊन जेमतेम दीडशे वर्षे होत आली आहेत; आणि ती का पडली हे पाहिले म्हणजे संग्राहकाने पैसे नेमके कशाचे मोजावयाचे, हा प्रश्नही उभा राहतो.

रेम्ब्रांटने आपल्या छापांवर कधी आकडे घातले नाहीत. त्याची जरुरीही नव्हती, कारण मर्यादा तांबेच घालीत असे. सुईने ओरखडलेल्या रेषेच्या कडेला धातूची जी बारीक कोर उठते, ती काही डझन छापांतच दबून जाते आणि काळ्या रंगाची मखमल नाहीशी होते. रेम्ब्रांटच्या ‘शंभर गिल्डरचे चित्र’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या कृतीचा झिजलेला पत्रा पुढे कॅप्टन विल्यम बेली या गृहस्थाच्या हाती आला. त्याने १७७५ साली त्यावर पुन्हा हात फिरवला, शंभर छाप विकले, आणि मग पत्र्याचे चार तुकडे केले. गिऱ्हाइकाला खात्री पटावी म्हणून पत्रा मोडणे, ही युक्ती इतकी जुनी आहे. अर्थात तुकड्यांचेही छाप काढून विकावयास कॅप्टनसाहेब विसरले नाहीत!

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तांब्यावर पोलादाचा पातळ मुलामा चढविण्याची कृती निघाली. आता एका पत्र्यावरून हजारो छाप निघू लागले. म्हणजे निसर्गाने घातलेली मर्यादा संपली, आणि पुढची माणसाने ठरवून घालावयाची होती. लंडनच्या छाप-विक्रेत्यांनी १८४७ साली आपला संघ काढून उत्तम प्रतींवर शिक्का मारण्याची व्यवस्था केली होती. पण तो शिक्का व्यापाऱ्याचा. चित्रकाराचे स्वतःचे प्रमाणपत्र म्हणून सहीला खरे महत्त्व आले ते शस्त्रवैद्य असलेला सेमूर हेडन आणि त्याचा मेहुणा व्हिसलर यांच्यामुळे.

व्हिसलरची हकीगत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. रस्किनने केलेल्या टीकेवरून त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८७८ साली तो जिंकला खरा, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, आणि खर्चाखाली सापडून दुसऱ्याच वर्षी त्याचे दिवाळे निघाले. अशा स्थितीत लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीने त्याला बारा चित्रे कोरून आणण्यासाठी व्हेनिसला पाठविले. काही महिन्यांचा करार; स्वारी राहिली वर्षाहून अधिक! १८८० च्या अखेरीस ती बारा चित्रे लंडनला मांडली गेली. प्रत्येकाचे शंभर छाप, असा ठराव होता.

आता खरे काम सुरू झाले. व्हिसलर छापण्याचे काम स्वतः करी. पत्र्यावरची शाई सगळी न पुसता कुठे दाट, कुठे विरळ अशी राखी. त्यामुळे एकाच पत्र्याचा एक छाप संध्याकाळचा वाटे, दुसरा सकाळचा. कागद पसंत पडे तो जुना डच. अशा कामाला घाई कशी चालावी? शंभराचा आकडा पुरा व्हावयास वर्षांवर वर्षे गेली. कागदाचे समास तो चित्राच्या कडेपर्यंत कापून टाकी, फक्त खाली एक लहानशी जीभ ठेवी, आणि तीवर आपल्या फुलपाखराची खूण करून पुढे ‘इंप’ ही अक्षरे लिही. हे एका लॅटिन शब्दाचे लघुरूप असून त्याचा अर्थ ‘छापले’ असा. सही मोठेपणाची नव्हती, मजुरीची होती. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म तेथेच आहे.

आपल्याकडे याच सुमारास उलट प्रयोग झाला. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे मळवलीस गेला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांत पोहोचल्या त्या संख्येला मर्यादा नव्हती म्हणूनच. त्यांवर सही आढळली तरी ती चित्राबरोबर दगडावरूनच उमटलेली. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. तो माल निराळा.

मात्र सही आणि मेहनत यांची फारकत होण्यास वेळ लागला नाही. पिकासोने व्होलार या विक्रेत्यासाठी १९३७ पर्यंत शंभर चित्रे कोरली, ती छापली लाकूरिएर या कसबी कारागिराने. व्होलार १९३९ साली मोटार-अपघातात वारला. छाप दुसऱ्या विक्रेत्याकडे गेले, आणि त्यांतील पुष्कळांवर पिकासोने वर्षे लोटल्यावर मोबदला घेऊन सह्या केल्या. बाकीचे तसेच राहिले. एकाच पत्र्याचे, एकाच हाताने छापलेले दोन कागद, आणि किमतीत मोठी तफावत!

डालीने तर याच्याही पुढे मजल मारली. १९७४ साली अँडोराच्या सरहद्दीवर फ्रेंच जकातदारांनी एक गाडी अडविली. तीत सुमारे चाळीस हजार कागद होते, प्रत्येकावर डालीची सही, आणि चित्र एकावरही नाही. सही करून ठेवलेले कोरे कागद बाळगणे गुन्हा नसल्याने गाडी सोडून द्यावी लागली. तेव्हापासून डालीचा छाप घेणारा जाणता संग्राहक सहीकडे नंतर पाहतो. आधी कागद उजेडासमोर धरून त्यातले जलचिन्ह शोधतो.