सुरतेचा मंडप आणि माइकच्या तीन तारा

सभेत माणसाचा आवाज पोहोचला नाही तर काय होते, हे आपल्या सुरतेने फार पूर्वी पाहिले आहे. २६ डिसेंबर १९०७ रोजी फ्रेंच गार्डनमध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाच्या सूचनेला अनुमोदन देण्यास सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले. त्यांच्या खणखणीत आवाजाची ख्याती देशभर. पण मंडपातल्या गोंगाटापुढे तोही थिटा पडला आणि बैठक तहकूब झाली. लोकमान्यांनी आपले म्हणणे स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवींकडे चिठ्ठीने कळवले. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच व्यासपीठावर चढले, आणि तो प्रसिद्ध दक्षिणी जोडा उडाला. सुरेंद्रनाथांना व फिरोजशहा मेहतांना लागला. माइक असता तर फूट टळली असती असे आम्ही म्हणणार नाही. कदाचित माइकसाठीच ओढाताण झाली असती!

त्या काळी सारे छातीच्या बळावर चाले. १८९३ नंतरचे गणेशोत्सवातले मेळे, कीर्तने, संगीत नाटके, सगळीकडे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा गळा हवा. ज्याचा गळा बारीक, त्याचे विचारही मागच्यांना बारीकच वाटत. सुमारे तीस वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, सुरत जिल्ह्यातच हरिपुऱ्याला तापीकाठी विठ्ठलनगर उभे राहिले. सुभाषबाबू अध्यक्ष होते. तोवर मुंबईच्या मोटवानेंचे ‘शिकागो रेडिओ’चे कर्णे काँग्रेसच्या सभांना सवयीचे झाले होते. गांधीजींसारख्या हळू बोलणाऱ्याला या यंत्राने जे दिले, ते कोणत्याही व्याख्यान-शिक्षणाने दिले नसते.

माइकलाही मात्र खुराक लागतो. जुन्या कार्बन माइकला बॅटरी हवी. डायनॅमिक माइक, म्हणजे आपण मंडपात वापरतो तो, स्वतःच्या वेटोळ्यातच वीज निर्माण करतो. त्याला काही लागत नाही. तबला, पेटी, समूहगान यांचे बारकावे टिपणारा कंडेन्सर माइक मात्र बाहेरच्या विजेवाचून मुका. जुन्या व्हॉल्व्हच्या कंडेन्सर माइकबरोबर विजेची वेगळी पेटी आणि जाडजूड बहुतारी केबल बाळगावी लागे. ट्रान्झिस्टर आल्यावर १९६६ मध्ये जर्मनीच्या नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी युक्ती केली: वीज आवाजाच्याच तारांतून पाठवायची. तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय होतीच, तीच वापरली. आपल्या मिक्सरवरचा ‘४८’ आकडा त्या दिव्यांचा आहे! वेगळी तार दिसत नाही म्हणून नाव ‘फँटम’, भुताची वीज. हा शब्द टेलिफोनवाल्यांचा.

केबलमध्ये दोन तारा आणि भोवती जाळी. एक्सएलआर जोडणीत १ नंबरला जाळी, २ आणि ३ ला आवाज. ६.८ किलोओहमच्या दोन सारख्या रोधांतून दोन्ही तारांवर सारखाच दाब येतो आणि वीज जाळीतून परतते. दोन्हीकडे दाब सारखा, म्हणून नीट जोडलेल्या डायनॅमिक माइकला त्याचा पत्ताही लागत नाही. आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो. जनरेटरची किंवा शेजारच्या लूमच्या मोटारीची घरघर दोघींत सारखी शिरते, म्हणून मिक्सर ती वजा करू शकतो. उधना-लिंबायतच्या मंडपांत ही वजाबाकी फार मोलाची.

घाईत डाग देणारे नेमकी जाळी कच्ची सोडतात. डायनॅमिक माइक तरीही बोलत राहतो आणि ऐन आरतीत गुरगुरू लागतो. फँटमवरचा माइक लगेच गप्प होतो. म्हणून आम्ही प्रत्येक केबल स्थापनेच्या आदल्या रात्रीच कंडेन्सर लावून तपासतो. खटका दाबताना मिक्सरचा आवाज खाली, आणि रिबन माइक कुणी हौसेने आणला असेल तर ४८ चा खटका बंद.