पडीक नव्हे, माळढोकचं घर



राजस्थानात जैसलमेरला गेलेली माणसं किल्ला बघतात, समच्या वाळूत उंटावर बसतात आणि परत येतात. पण तिथंच, जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत, ३१६२ चौरस किलोमीटरचं वाळवंटी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं नुसती वाळू असेल, असं वाटतं ना? वाळूच्या टेकड्या हा त्याचा फक्त एक भाग. बाकी खडकाळ माळ, सेवण गवत, बोरी आणि खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी.

या गवतात माळढोक राहतो. उंच, वजनदार पक्षी. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ मोडला की तिचं घरच गेलं.

हा माळ सरकारच्या आधी लोकांनी राखला. तिकडे देवाच्या नावानं सोडलेल्या जमिनीला ओरण म्हणतात, जशी आपली देवराई. ओरणात कुऱ्हाड चालत नाही, पण गुरं चरतात. पुढे सरकारी कागदावर अशा कितीतरी जमिनींपुढे 'पडीक' असा शेरा पडला.

१९७८ च्या सुमाराला एक अरब राजपुत्र ससाणे घेऊन तिथं शिकारीला आला. राजस्थानातले लोक रस्त्यावर उतरले आणि शिकार थांबवावी लागली. १९८० मध्ये उद्यान झालं. १९८१ मध्ये माळढोक राजस्थानचा राज्यपक्षी ठरला.

पण उद्यानाच्या हद्दीत गावंही होती. रस्ता, वीज, बांधकाम, सगळ्याला परवानगी लागू लागली. पक्षी वाचवणाऱ्यांनाच पक्षी जड झाला.

हे आपल्याकडेही घडलंय. १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य झालं. हद्द आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर. त्यात लोकांची शेतं, घरं, बाजारपेठा आल्या. जमिनीचे व्यवहार अडले. पुढे हद्द पुष्कळ कमी केली. पण तोवर माळांवर नांगर फिरला होता. आज तिथं माळढोक दिसणं दुर्मिळ झालंय.

देशात आता दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे. तिथं आता पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांच्या विजेच्या तारा आल्या आहेत. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही. तार जवळ आल्यावर कळते, आणि जड अंगामुळे वळायला वेळ मिळत नाही. २०१९ पासून समला अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालू आहे. पण वाढवलेलं पिल्लू सोडायचं कुठं? त्याला माळच हवा.

मैत्रिणींनो, आपल्या गावाचं गायरानही कागदावर पडीकच असतं. पण शेळीचा चारा, चुलीचं सरपण, पावसाळ्यातली रानभाजी तिथूनच येते ना? पुढच्या बैठकीत गटातल्या म्हाताऱ्या आजींना विचारा, गायरानात पूर्वी काय काय उगवायचं, कोणते पक्षी यायचे. ते वहीत लिहून ठेवा. उद्या कुणी त्या जमिनीला पडीक म्हणालं, तर ग्रामसभेत ती वही उघडा.