दोन हजार मीटर खाली

लोणारच्या गोमुखापाशी तुम्ही विवराच्या कड्यावर उभे आहात. पायवाट उतरू लागता तेव्हा दगड तापलेले असतात, गुडघे कुरकुरतात आणि खालचं हिरवट पाणी काही केल्या जवळ येत नाही. कड्यापासून पाण्यापर्यंत जेमतेम दीडशे मीटर. अशा तेरा-चौदा उतरणी एकीखाली एक रचा आणि सगळ्या काळोख्या खाऱ्या पाण्याने भरा. आज तुम्हाला तेवढं खाली जायचंय. पुढची पायरी 1985 सालची आहे.

पाऊल पडतं ते ओल्या लोखंडी डेकवर. जुलैचा दुसरा आठवडा, पण वारा हाडं गोठवणारा. आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, उत्तर अटलांटिकमध्ये ‘लेओन तेवनें’ हे फ्रेंच जहाज लाटांवर डुलतंय. समुद्रतळावरच्या टेलिफोन केबल दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. आज त्याच्याकडे वेगळंच काम आहे.

23 जूनच्या सकाळी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ 31,000 फुटांवरून लंडनकडे येत होतं. तिथून दिल्ली, मग मुंबई. शॅनन नियंत्रण केंद्राच्या पडद्यावरचा त्याचा ठिपका एकाएकी नाहीसा झाला. विमानात 329 माणसं होती. त्यातलं कुणीच वाचलं नाही. पाण्यावर 131 मृतदेह मिळाले. उरलेल्यांचे नातेवाईक अजून कॉर्कच्या रुग्णालयात फोटो घेऊन फिरताहेत. घात झाला असं सगळे म्हणतात. पण पुरावा तळाशी पडलाय.

नियंत्रण कक्षात शिरा. आत सिगारेटचा धूर, कॉफीचा वास आणि करड्या पडद्यांचा उजेड. ब्लॅक बॉक्सला जोडलेला पिंगर पाण्यात भिजला की साधारण दर सेकंदाला एक ठोका देतो. तो माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. पाण्यात सोडलेला हायड्रोफोन तो पकडतो आणि कानात टक्-टक् करून वाजवतो. बॅटरी महिनाभराची. ती संपली की एवढ्या पाण्यात ती पेटी नुसत्या नजरेने शोधायची. तुम्ही नकळत कॅलेंडरकडे बघता. निम्म्याहून जास्त दिवस गेलेले आहेत.

जाड केबलच्या टोकाला बांधलेलं ‘स्कॅरब’ खाली चाललंय. दिवे, कॅमेरे, छोटे पंखे आणि दोन यांत्रिक हात असलेलं हे यंत्र मुळात केबल गाडायला बनवलेलं. खाली दाब दोनशे वातावरणांचा. कितीतरी वेळ पडद्यावर नुसते पांढरे कण तरंगत राहतात. मग चिखलाचा तळ दिसतो आणि त्यावर फाटलेला पत्रा. चालकाचा हात कळ दाबतो तो इतका हळू की तुम्हीच श्वास रोखून धरता, कारण जरा घाई झाली तर गाळ उसळेल आणि सगळं आंधळं होईल. चिमट्यात नारिंगी पेटी येते. कॉकपिटमधले आवाज टिपणारी ही पहिली. उड्डाणाच्या नोंदींची दुसरी पेटीही लगोलग वर येते. एवढ्या खोलातून ब्लॅक बॉक्स काढणं त्या काळात कुणाला सहज जमणारं नव्हतं. त्या कक्षातल्या माणसांना माझा मनापासून नमस्कार आहे.

आता मुंबई. जुलैचा पाऊस, ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र. हेडफोन कानाला लावा. लंडन जवळ आल्यावरची वैमानिकांची नेहमीची, कामाची बोलणी. कुठे घाबरा स्वर नाही, संकटाचा इशारा नाही. मग एकदम धाडकन आवाज, क्षणभराची खरखर आणि पुढे कोरी टेप. दुसऱ्या पेटीतही तेच: उंची, वेग सारं सुरळीत आणि त्याच घटकेला नोंद तुटलेली.

खोलीतले तज्ज्ञ एकमेकांकडे बघतात. टेप पुन्हा लावतात, पुन्हा ऐकतात. त्या आवाजाचे आलेख काढले जातात. भारतीय शास्त्रज्ञांना त्यात स्फोट दिसतो. ब्रिटिश तज्ज्ञ म्हणतो, एवढ्यावरून बॉम्ब ठरवता येणार नाही. मला ही ओढाताण फार मोलाची वाटते. 329 जीव गेलेले असताना, सगळं जग उत्तर मागत असताना, पुरावा सांगतो त्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही, हे सोपं नसतं.

म्हणून पुन्हा समुद्रात जावं लागतं. या वेळी कॅनडाचं ‘जॉन कॅबट’. तळाची तपशीलवार चित्रं घेतली जातात, निवडक तुकडे वर आणले जातात. पत्रा आतून बाहेर वाकलाय का, भोकांच्या कडा कशा वळल्यात, हे बोट फिरवून पाहिलं जातं. 1986 मध्ये न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांचा अहवाल सांगतो: पुढच्या मालकक्षात बॉम्ब फुटला.

आणखी एकदा काळ ओलांडा. मार्च 2005, व्हँकुव्हरचं न्यायालय. खुनाचा आरोप असलेले दोघे पुराव्याअभावी सुटतात. शिक्षा झाली ती एकट्या इंद्रजितसिंग रेयातला, बॉम्बच्या कामात हात असल्याबद्दल. बाकावर बसलेल्या नातेवाइकांमध्ये वीस वर्षं थांबलेली माणसं आहेत. त्यांच्या माणसांचं विमान कशाने पडलं, हे त्यांना समुद्राच्या तळाने सांगितलं होतं. ते कुणी पाडलं, याचा पुरता हिशेब कुठल्याच न्यायालयाने त्यांना दिला नाही.