काकु, टोमणा आणि मेंदू

"काय वेळेवर आलात हो!" हे वाक्य कागदावर वाचलं तर कौतुकाचं वाटेल. उशिरा आलेल्या माणसाला उद्देशून, 'काय' जरा लांबवून म्हटलं की तोच झाला टोमणा! शब्द तेच, फरक फक्त आवाजाचा.

आवाजाच्या या वळणाला संस्कृत साहित्यशास्त्रात 'काकु' असं नाव आहे. (मराठी शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे तो शब्द दीर्घ लिहायला हवा, पण मग घरोघरच्या काकू रागावतील. म्हणून मी आपला संस्कृतातला ऱ्हस्वच ठेवते.) नवव्या शतकातल्या रुद्रटाने वक्रोक्ती अलंकाराचे दोन प्रकार सांगितले, श्लेष-वक्रोक्ती आणि काकु-वक्रोक्ती. पुढे राजशेखराने त्यावर आक्षेप घेतला. काकु हा म्हणण्याच्या पद्धतीचा गुण, त्याला शब्दाचा अलंकार कसं म्हणायचं? बी.ए.ला हे पाठ केलं तेव्हा कीस काढणं वाटलं होतं. आता वाटतं, राजशेखराने नेमकं बोट ठेवलं. अर्थ शब्दात नसून स्वरात असू शकतो.

मेंदूच्या अभ्यासकांना या गोष्टीकडे वळायला बराच वेळ लागला. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला आणि बोलण्याची जागा डाव्या बाजूला, पुढच्या भागात दाखवली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी शब्द समजण्याचा संबंधही डाव्या बाजूशी जोडला. झालं! भाषा म्हणजे डावा मेंदू, असं समीकरण बसलं. उजव्या बाजूला इजा झालेला माणूस घडाघडा बोलतो, सांगितलेलं ऐकतो, मग त्याच्या भाषेत काही बिघडलं असेल अशी शंका कोण घेणार?

मधल्या काळातली एक हकीकत मात्र विसरता येत नाही. १९४१ साली नॉर्वेत हवाई हल्ल्यात एका बाईंच्या डोक्याला बॉम्बचा तुकडा लागला. वाचा परत आली, पण बोलण्याची चाल बदलली. (त्यांची जखम डाव्या बाजूची होती, म्हणजे स्वराचा कारभारही एकाच खोलीत नाही.) देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता आणि या बाईंचं नॉर्वेजियन ऐकून लोकांना त्या जर्मन वाटत. दुकानदार त्यांना सामान देईनात! न्यूरॉलॉजिस्ट मोनराड-क्रोन यांनी १९४७ मध्ये ही केस प्रसिद्ध केली.

पुढे १९७५ मध्ये अमेरिकेत केनेथ हाइलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उजव्या बाजूला इजा झालेल्या रुग्णांना वाक्य समजतं, पण बोलणारा रागात आहे की आनंदात, हे आवाजावरून ओळखता येत नाही.

आणि टोमणा? तो तर त्याहून अवघड. २००५ मध्ये हैफा विद्यापीठाच्या सिमोन शामाय-त्सूरी यांनी रुग्णांना छोटे प्रसंग ऐकवले. कामावर येऊन आराम करत बसलेल्या माणसाला साहेब म्हणतो, फार काम करू नकोस हं! कपाळामागच्या भागाला, विशेषतः त्याच्या उजवीकडच्या तळाशी, इजा झालेल्यांना यातली खोच कळेना. त्यांना वाटे, साहेब काळजीने बोलतोय. शब्दार्थ एकीकडे, बोलणाऱ्याचा हेतू आणि प्रसंग दुसरीकडे, यांची सांगड घालणारा भागच दुखावलेला.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाच्या आजारातही हेच आढळतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रुग्णांना प्रामाणिक वाक्यं समजली, उपरोधिक मात्र नाहीत. त्याच अभ्यासातल्या अल्झायमरच्या रुग्णांना दोन्ही कळली. हा आजार पुष्कळदा साठीच्या आतच गाठतो आणि सुरुवातीला स्मरणशक्ती बरीचशी शाबूत असते. ज्याला जन्मभर टोमणे कळलेच नाहीत त्याची गोष्ट वेगळी (असे भाग्यवान प्रत्येक घरात एक तरी असतात). पण ज्याला कळायचे आणि आता कळत नाहीत, त्याच्याबद्दल घरात फार तर कुणी म्हणतं, "हल्ली यांना थट्टाच समजत नाही." आणि हे वाक्य डॉक्टरांपर्यंत सहसा पोचत नाही.