प्रोग्रॅमांच्या झुंजी

प्रोग्रॅमिंग, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून देण्याची विद्या, खेळांतून शिकवण्याच्या रीतींपैकी प्रोग्रॅमांची झुंज ही एक जुनी रीत असून तिचा उगम शाळेत नव्हे, तर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. तेथे १९६१ साली व्हिक्टर व्हिसॉत्स्की, रॉबर्ट मॉरिस व डग्लस मॅकिलरॉय यांनी रचलेल्या ‘डार्विन’ या खेळात आयबीएम ७०९० संगणकाच्या स्मृतीत प्रोग्रॅम सोडले जात आणि स्वतःच्या प्रती काढत ते एकमेकांना मारत. मॉरिस यांच्या ४४ आज्ञांच्या प्रोग्रॅमने मात्र खेळच संपवला. शत्रूचा प्रारंभ सापडला की तो त्यापुढचे एखादे स्थान चाचपे, घाव बसल्यास ते अंतर लक्षात ठेवी, फसल्यास बदली आणि यशस्वी अंतर आपल्या प्रतींना वारशाने देई. त्याला तोड निघेना, तेव्हा खेळणाऱ्यांना शिकण्यासारखेही काही उरले नाही.

ए. के. ड्यूडनी यांनी मे १९८४ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मांडलेल्या ‘कोअर वॉर’ या अशाच खेळात ही अडचण बरीचशी टळली. त्यातील ‘इम्प’ हा योद्धा, म्हणजे झुंजणारा प्रोग्रॅम, अवघ्या एका आज्ञेचा, आणि ती आज्ञा स्वतःचीच नक्कल स्मृतीच्या पुढच्या घरात करत सरकते. आज्ञा आणि माहिती स्मृतीत एकाच रूपात नांदतात, हे पाठ्यपुस्तकात कोरडे वाटणारे तत्त्व येथे डोळ्यांदेखत चालू लागते. बॉम्ब टाकणारे, शत्रू हुडकणारे आणि प्रती काढणारे असे जे पंथ पुढे पडले, त्यांतला प्रत्येक ढोबळमानाने एकाला भारी व दुसऱ्याला हलका ठरत असल्याने अजिंक्य असा कोणी उरला नाही.

वर्गात अधिक रुळला तो मॅथ्यू नेल्सन यांचा, आयबीएमने २००१ मध्ये खुला केलेला ‘रोबोकोड’ हा रणगाड्यांच्या झुंजीचा खेळ. रडारला शत्रू दिसल्यास किंवा गोळी लागल्यास रणगाड्याने काय करावे, हे विद्यार्थ्याने जावा भाषेत आधीच लिहायचे असते. सामना सुरू झाल्यावर सहसा हात घालता येत नाही. गोळी जितकी जड तितकी ती सावकाश जाते आणि झाडणाऱ्याची शक्तीही तितकीच खर्चते, म्हणून शत्रू तोवर कोठे पोहोचेल याचा हिशेब मांडावा लागतो आणि त्रिकोणमिती आपसूक हाताशी येते. सोबत मिळणाऱ्या नमुन्यांतले आकडे बदलूनही काही सामने जिंकता येतात, ही या साधनाची पळवाट खरीच. परंतु २५० बाइटांखालील प्रोग्रॅमांचा जो ‘नॅनो’ गट खेळाडूंनी पाडला, त्यात मुरलेल्या खेळाडूलाही नवख्याइतक्याच तुटपुंज्या जागेत आपले डावपेच बसवावे लागतात.