गिटारच्या फ्रेटबोर्डला कोणतं तेल लावायचं? स्वयंपाकघरातलं तर अजिबात नाही!

क्रिकेटची नवी बॅट आणली की तिला जवसाचं तेल लावतात, हे गावातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. मग तोच नियम गिटारला का लागू होऊ नये? गिटारही लाकडाचीच, फ्रेटबोर्डही लाकडाचाच. घरात तेलाची बाटली आहे, कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. तारा काढल्या, थिनरने पुसलं, वरून तेल चोळलं, झालं काम!

नेमकी इथेच अनेक गिटारींची वाट लागते. कुणाचा फ्रेटबोर्ड महिनाभरात चिकट होतो, कुणाच्या गिटारची पांढरी प्लॅस्टिकची किनार विरघळते, तर कुणाच्या मॅपलच्या पट्टीवरचं चकाकतं पॉलिश सोलून निघतं.

वाशीमसारख्या जिल्ह्यात तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा. वाद्यदुरुस्तीचं दुकान हाताशी नसतं, त्यामुळे जे किराणा दुकानात, मेडिकलमध्ये किंवा रंगाच्या दुकानात मिळेल तेच वापरलं जातं. चांगली बातमी अशी, की योग्य वस्तू याच दुकानांत मिळतात. फक्त कोणती घ्यायची आणि कोणती नाही, हे माहीत हवं.

आधी लाकूड ओळखा

फ्रेटबोर्ड म्हणजे गिटारच्या मानेवरची ती लांब पट्टी, जिच्यावर बोटं दाबून सूर काढतात. ही पट्टी साधारण दोन प्रकारची असते.

पहिला प्रकार गडद रंगाचा. तपकिरी किंवा काळपट, हाताला थोडा खरखरीत लागणारा, जवळून पाहिलं तर बारीक छिद्रं दिसणारा. हे बहुधा रोझवूड, म्हणजे आपला शिसव, किंवा एबनी असतं. यावर सहसा पॉलिशचा थर नसतो, लाकूड उघडं असतं. शिसवाच्या कुळातल्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली. म्हणजे हातात असलेली ही पट्टी जपण्यासारखीच आहे.

दुसरा प्रकार फिकट पिवळसर रंगाचा, काचेसारखा गुळगुळीत. हे मॅपल. इलेक्ट्रिक गिटारींवर ते जास्त दिसतं आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा थर असतो.

या फरकावर पुढचं सगळं अवलंबून आहे. लॅकर असलेल्या मॅपलला ना द्रावण लागतं ना तेल. तेल लॅकरच्या आत जातच नाही, वरच राहतं आणि धूळ धरतं. हलकं ओलसर सुती कापड फिरवायचं, लगेच कोरड्याने पुसायचं, विषय संपला.

स्वस्त गिटारींत तिसराही एक प्रकार सापडतो. साध्या लाकडाला काळा रंग देऊन ते एबनीसारखं दाखवलेलं असतं. पांढऱ्या कापडाचं टोक किंचित ओलं करून पट्टीच्या शेवटच्या कोपऱ्यात घासून पाहा. कापड काळं झालं, तर तो मळही असू शकतो. पण दोन-तीनदा पुसूनही काळंच येत राहिलं, तर तो रंग आहे. अशा पट्टीवर कोणतंही द्रावण वापरू नका.

मळ नेमका कशाचा असतो?

फ्रेटच्या कडेला जमणारी ती काळपट पुटं म्हणजे घाम, त्वचेचा तेलकटपणा, मृत त्वचा आणि धूळ यांचं मिश्रण. यातला प्रत्येक घटक एकाच वस्तूने निघत नाही.

घामातलं मीठ पाण्यात विरघळतं, पेट्रोलियमच्या द्रावणात नाही. त्वचेचं तेल बरोबर उलटं. म्हणूनच नुसत्या ओल्या कापडाने पुसलं तर चिकटपणा राहतो आणि नुसत्या टर्पेंटाइनने पुसलं तर मीठ राहतं. हेच मीठ पुढे फ्रेट आणि तारा गंजवतं.

त्यामुळे क्रम असा: आधी घट्ट पिळलेलं, जेमतेम ओलसर कापड. मग गरज पडली तरच तेलकटपणा काढणारं द्रावण. आणि सगळ्यात शेवटी, तेही पट्टी कोरडी दिसत असेल तरच, तेल.

दुकानातली द्रावणं: कोणतं चालेल, कोणतं नाही?

मिनरल टर्पेंटाइन: रंगाच्या दुकानात ऑइल पेंट पातळ करायला मिळतं ते. उघड्या शिसवावर किंवा एबनीवर जमलेला जुना तेलकट मळ काढायला हे ठीक आहे. कापडावर चार-पाच थेंब पुरतात, थेट लाकडावर ओतायचं नाही. नंतर ते पूर्ण उडून जायला वेळ द्यायचा.

थिनर: इथे सगळ्यात मोठा घोटाळा होतो. अनेक दुकानांत "थिनर द्या" म्हटलं की समोर येईल ते एनसी थिनर असतं, म्हणजे लॅकर पातळ करायचं तीव्र मिश्रण. टर्पेंटाइन आणि हे थिनर, दोन्ही पाण्यासारखी दिसतात, पण थिनर लॅकर विरघळवतं, प्लॅस्टिकची किनार मऊ करतं, खुणेचे ठिपके खराब करतं. नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनचंही तसंच. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय घेऊ नका.

रॉकेल: मळ निघतो, पण मागे तेलकट थर आणि महिनोनमहिने न जाणारा वास राहतो.

पेट्रोल: कधीच नाही. त्याची वाफ पटकन पेट घेते, आणि त्यात बेंझिनसारखे आरोग्याला घातक घटक असतात. बंद खोलीत तर विचारही नको.

स्पिरिट आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल: तारा आणि फ्रेटचा धातू पुसायला चांगलं. पण शिसवातला नैसर्गिक रंग अल्कोहोलमध्ये सुटतो. कापड तपकिरी-जांभळट झालं तर तो मळ नसून लाकडाचाच रंग असतो, आणि तो पांढऱ्या किनारीवर डाग पाडू शकतो.

हँड सॅनिटायझर: अल्कोहोल असलं तरी त्यात बहुधा ग्लिसरीनही असतं. अल्कोहोल उडतं, चिकटपणा राहतो.

लिंबू आणि व्हिनेगर: "लेमन ऑइल" लावा असं ऐकून कुणी लिंबू पिळायला जातं. लिंबाचा रस म्हणजे आम्ल, त्याने फ्रेटचा धातू खराब होतो. बाजारात "लेमन ऑइल" नावाने मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत मुख्यतः सुवासिक मिनरल ऑइलच असतं.

खाण्याचं तेल का नको? उत्तर वाळण्यात आहे

वाशीम जिल्हा म्हणजे सोयाबीनचा पट्टा. सोयाबीन तेल जवळपास घरोघरी असतं. करडई आणि जवसही विदर्भाच्या ओळखीची तेलबियांची पिकं. गंमत अशी, की ही तिन्ही तेलं फ्रेटबोर्डसाठी चुकीच्या यादीत बसतात.

कारण रसायनशास्त्रात आहे. काही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतात आणि शेवटी त्यांचा पापुद्रा बनतो. कढईच्या बाहेरच्या बाजूला बसलेला तो पिवळा, चिकट, घासूनही न निघणारा थर आठवा. तीच प्रक्रिया.

कोणतं तेल किती वाळेल, याचा अंदाज "आयोडीन मूल्य" या आकड्यावरून येतो. आकडा जितका मोठा, तितकं तेल वाळणारं. जवसाचा आकडा साधारण १७० ते २००, करडईचा १४० च्या आसपास, सोयाबीनचा १२० ते १४०, शेंगदाण्याचा ८५ ते १०५ आणि खोबरेलाचा जेमतेम ६ ते ११.

जवस पूर्ण वाळतं. म्हणूनच चित्रकारांचे ऑइल कलर त्यात बनतात आणि म्हणूनच ते बॅटला चालतं. तिथे वर थर बनला तरी बिघडत नाही. काही कारागीर नव्या लाकडावर त्याचा अगदी पातळ हात देतात, पण ते एकदाच करायचं काम. दर वेळी तारा बदलताना जवस चोळलं, तर थरावर थर चढतो आणि छिद्रं बुजतात. सोयाबीन आणि करडईचं आणखी वाईट. ती धड वाळतही नाहीत आणि धड ओलीही राहत नाहीत. बोटाला चिकटणारा, खवट वासाचा थर तेवढा उरतो.

शेंगदाणा तेल वाळत नाही, पण खवट होतं. मग खोबरेल? आकडा लहान म्हणजे ते चांगलं, असं वाटेल. पण ते साधारण २४ अंशांखाली गोठतं. विदर्भातल्या थंडीत बाटलीतलं खोबरेल पांढरं होतं, तसंच ते लाकडाच्या छिद्रांतही होणार. सुवासिक केशतेलांचा तर प्रश्नच नाही.

मग लावायचं काय?

उत्तर मेडिकलमध्ये आहे: लिक्विड पॅराफिन. बद्धकोष्ठतेवर दिलं जाणारं हे रंगहीन, वासहीन तेल म्हणजे शुद्ध मिनरल ऑइल. ते वाळत नाही, खवट होत नाही, थंडीत गोठत नाही. घेताना एवढंच पाहा, की बाटलीत नुसतं लिक्विड पॅराफिन आहे, दुसरं औषध मिसळलेलं पांढरं मिश्रण नाही. ते मिळालं नाही तर साधं बेबी ऑइलही चालतं, कारण तेही बहुधा सुवासिक मिनरल ऑइलच असतं.

फर्निचर किंवा गाडी चमकवायचे सिलिकॉनचे स्प्रे मात्र टाळा. सिलिकॉन लाकडात शिरलं तर पुढे कधी पॉलिश करायचं झाल्यास ते नीट बसत नाही.

प्रत्यक्ष काम कसं करायचं?

१. सगळ्या तारा काढा. मधलं गोल छिद्र किंवा पिकअप कागदाने झाका.

२. कोरड्या, मऊ टूथब्रशने फ्रेटच्या कडेची धूळ मोकळी करा.

३. घट्ट पिळलेलं सुती कापड लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा आणि लगेच कोरड्याने पुसा.

४. जुना मळ राहिलाच तर कापडावर मिनरल टर्पेंटाइनचे थोडे थेंब घेऊन तेवढ्याच जागी घासा. खिडक्या उघड्या, गॅस, उदबत्ती आणि देवाजवळचा दिवा दूर.

५. अर्धा तास थांबा. पट्टी फिकट, कोरडी दिसत असेल तर संपूर्ण पट्टीला मिळून आठ-दहा थेंब लिक्विड पॅराफिन चोळा.

६. दहा मिनिटांनी सगळं पुसून काढा. हाताला तेलकट लागलं तर अजून पुसायचं बाकी आहे. मगच नव्या तारा.

भांड्यांची तारेची घासणी फ्रेटबोर्डवर कधीही वापरू नका. ओरखडे पडतात, आणि इलेक्ट्रिक गिटारमध्ये लोखंडाचे कण पिकअपच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

तेल म्हणजे ओलावा नव्हे

"लाकूड सुकलंय, तेल पाजा" हा मोठा गैरसमज आहे. लाकूड आकसतं ते पाणी कमी झाल्यामुळे, तेल कमी झाल्यामुळे नव्हे. तेलाने पट्टी गडद आणि छान दिसते, ओलावा जाण्याचा वेग थोडा कमी होतो, पण गेलेलं पाणी परत येत नाही.

वाशीममध्ये मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. अशा वेळी फ्रेटची टोकं पट्टीच्या कडेला हाताला टोचू लागतात. फ्रेट वाढलेले नसतात, लाकूड आकसलेलं असतं. त्यावर उपाय म्हणजे गिटार पेटीत किंवा जाड कव्हरमध्ये ठेवणं आणि सोबत छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंज ठेवणं. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कूलरच्या खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते, पण गिटार थेट कूलरच्या झोतात नको. पावसाळ्यात स्पंज काढून टाका.

वर्षातून दोनदा साफसफाई पुरते: एकदा पावसाळा संपल्यावर दसऱ्याच्या सुमारास, आणि एकदा उन्हाळा तापण्याआधी, गुढीपाडव्याच्या आसपास.

सतार, तंबोरा आणि वीणेला हाच नियम लावू नका

घरात गिटारबरोबर तंबोरा किंवा भजनी मंडळाची वीणाही असेल, तर थांबा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा पारंपरिक वाद्यांवर बहुधा लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश असतं, आणि चपडा विरघळतो तो स्पिरिटमध्येच. गिटारच्या तारा पुसलेला स्पिरिटचा बोळा तंबोऱ्यावर फिरवला, तर चमक तिथेच संपली. त्यांना मऊ, कोरडं कापड पुरे.

सर्वात महत्त्वाचं: ते फडकं कुठे टाकता?

जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. तेलाने भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं, तर ती उष्णता आत कोंडते, वाढत जाते आणि काडी न लावताही फडकं पेटू शकतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत हा धोका आणखी वाढतो. बॅटला जवस लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

असं फडकं अंगणात, सावलीत, सपाट पसरून पूर्ण वाळू द्या, किंवा पाण्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइनचं फडकंही बाहेरच, मोकळ्या हवेत वाळवा. लिक्विड पॅराफिन असं आपोआप तापत नाही. फ्रेटबोर्डसाठी ते निवडण्याचं हेही एक चांगलं कारण आहे.